खुले पत्र : नाखवा आणि तांडेल बंधूंना, बोटीवरच्या दिव्यांविषयी

प्रति,
मुंबई बंदरात आणि रायगडच्या खाड्यांत बोटी घालणारे सर्व नाखवा, तांडेल, खलाशी
आणि मच्छीमार सहकारी संस्थांचे पदाधिकारी

बंधूंनो, सप्रेम नमस्कार.

पावसाळी मासेमारीबंदी उठायला आता थोडेच दिवस राहिलेत. 1 ऑगस्टला बोटी पाण्यात जातील आणि मग कोणाला कोणाचं ऐकायला वेळ नसेल. आत्ता होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या आहेत, कोणाची रंगरंगोटी चालू आहे, कोणी इंजिन उतरवलंय, केबिनची फळी काढली की वायर हाताला लागते आहे. म्हणून हे पत्र आत्ताच लिहितोय. विषय एकच आहे, बोटीवरचे दिवे.

मी तीस-एक वर्षं भाऊचा धक्का ते रेवस या मार्गावर लाँचचा सारंग, म्हणजे सुकाणू धरणारा, होतो. वडील डोलकर होते. तेव्हा मी बाहेरून बोलतोय असं कोणी समजू नका. तुमच्या बोटी दिवसा मी लांबून रंगावरून आणि नाळेच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, चढावरून ओळखतो. रात्री मात्र गेल्या काही वर्षांत त्या मला ओळखू येईनाशा झाल्यात, आणि त्याचं कारण माझे डोळे नव्हेत.

निवृत्त होण्याच्या आदल्या जानेवारीतली गोष्ट सांगतो. शेवटची फेरी होती. वारा पडलेला, पाण्यावर धुरकट हवा. लाँचमध्ये मासळी विकून परत निघालेल्या बायका, रिकामी टोपली, कामावरून सुटलेली माणसं, असे सगळे मिळून ऐंशीच्या आसपास. आम्ही बोटी नांगरतात तो पट्टा ओलांडला तेव्हा समोर एक झगमगाट दिसला. केबिनभोवती निळी माळ, डोलकाठीवर वरखाली पळणारे लाल-हिरवे दिवे आणि नाळेवर दोन पांढरे फोकस. ती बोट होती हे कळलं, पण ती येतेय की जातेय हे कळेना. मी हिरवा दिवा शोधला. हिरवा सापडला, म्हणजे हिची उजवी बाजू माझ्याकडे आहे, ही आडवी चाललीय, हिच्या मागून काढू, असं म्हणून सुकाणू थोडं डावीकडे घेतलं. तेवढ्यात तो हिरवा लाल झाला. मग परत हिरवा. तो बाजूचा दिवा नव्हताच, माळेतला होता. बोट सरळ आमच्या अंगावर येत होती.

ड्रायव्हरला घंटी देऊन इंजिन मागे घेतलं, तीन भोंगे दिले. एका बांबूच्या अंतरावरून ती बोट गेली. तिच्या नाळेवर एक पोरगा करंदी निवडत बसला होता, सोळा-सतरा वर्षांचा असेल. फोकसच्या उजेडात मला त्याच्या हाताला चिकटलेली करंदीसुद्धा दिसली. त्याला मात्र आम्ही दिसत नव्हतो. भोंग्याच्या आवाजाकडे तोंड करून त्याने डोळ्यांवर आडवा हात धरला होता आणि अंधारात शोधत होता. तो हात मला अजून आठवतो.

त्या बोटीच्या तांडेलाला दोष द्यायला हे लिहीत नाही. आमच्या पाठीमागे अख्खी मुंबई पेटलेली होती, तीत आमच्या लाँचचा लाल-हिरवा त्याला कुठून दिसणार? टॉवरच्या टोकाचे लाल दिवे, धक्क्यावरचे फोकस, आता तर अटल सेतूची रांगही आहे. पण म्हणूनच सांगतो, या बंदरात उजेड आधीच खूप झालाय. त्यात आपण आणखी भर घालायची, आणि तीही अशी की आपले खरे दिवे त्यात बुडून जावेत, हे आपल्याच जिवावर येतंय.

टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम 1972 साली ठरले आणि 1977 पासून जगभर लागू आहेत. आपल्या देशानेही ते स्वीकारलेत. कंटेनर घेऊन न्हावा-शेव्याला येणाऱ्या परदेशी कप्तानाला मराठी येत नाही, आपल्याला त्याची भाषा येत नाही. रात्री त्याच्या आणि आपल्यामध्ये बोलणं होतं ते फक्त या दिव्यांचं. यातला 20 वा नियम आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असतो. सूर्यास्त ते सूर्योदय ठरलेले दिवे लावायचेच, धुकं-पावसात दिवसाही लावायचे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याच नियमात पुढे म्हटलंय की या दिव्यांबरोबर असा दुसरा कुठलाही दिवा लावू नये जो या दिव्यांसारखा भासेल, त्यांना झाकून टाकेल किंवा आपल्याच माणसाच्या टेहळणीच्या आड येईल. आपल्या रंगीत माळा यातल्या तिन्ही गोष्टी करतात.

दिव्यांची रचना किती विचाराने केलीय ते बघायचं असेल तर पुस्तक नको. आज संध्याकाळी अंधार पडला की शाकारलेल्या बोटीची बॅटरी जोडा, दिवे लावा आणि बोटीभोवती फेरी मारा. नाळेसमोर बरोबर मध्ये उभे राहिलात तर लाल आणि हिरवा दोन्ही दिसले पाहिजेत. आता नाळेकडे तोंड ठेवून आपल्या डाव्या हाताला दोन-चार पावलं सरका. तुम्ही बोटीच्या उजव्या बाजूला आलात. लाल गेला पाहिजे, फक्त हिरवा राहिला पाहिजे. तसंच चालत राहा. बोटीचा मध्य ओलांडून थोडं मागे गेलात की हिरवाही मावळला पाहिजे आणि पिछाडीचा पांढरा दिसू लागला पाहिजे. पिछाडीला वळसा घालून दुसऱ्या अंगाने आलात की तेच लालचं. बाजूचा प्रत्येक दिवा साडेबाराधिक शंभर अंशांत म्हणजे 112.5 अंशांत दिसतो, डोलकाठीवरचा पांढरा 225 अंशांत आणि पिछाडीचा 135 अंशांत. डोलकाठीचा आणि पिछाडीचा मिळून पूर्ण 360 होतात. कुठेही उभे राहा, कुठला ना कुठला दिवा दिसणारच, आणि तो कुठला दिसतो यावरून बोटीचं तोंड कुठे आहे ते समोरच्याला कळणारच. दोन्ही रंग दिसले तर समोरासमोर, दोघांनी आपापल्या उजवीकडे वळायचं. उजव्या हाताला लाल दिसला तर ती बोट आपल्याला आडवी येतेय, वाट आपण द्यायची. एवढं सगळं दोन रंगांत बसवलंय. त्या दोन रंगांवर वीस रंगांची माळ टाकली की ते सगळं पुसलं जातं.

आता ही फेरी मारताना तुम्हाला काय काय सापडेल ते आधीच सांगून ठेवतो, कारण मागच्या पावसाळ्यात मी आमच्या किनाऱ्यावरच्या काही बोटींभोवती अशी फेरी मारली. एकीवर लाल-हिरव्याचा जोड-दिवा उलटा बसवलेला होता, लाल उजवीकडे. रंगकामासाठी काढला, परत लावताना कोणी बघितलं नाही. दुसरीवर हिरवी काच उन्हाने इतकी उडालेली की लांबून ती पांढरीच वाटावी. तिसरीचा दिवा उघडला तर आत मिठाचा थर आणि पितळी पट्टीवर हिरवा गंज. बोटाने ढकलली की दिवा लागायचा, सोडली की बंद. तांडेल म्हणाला, ‘लाटेवर आपोआप लागतो.’ तो हसला, मला हसू आलं नाही. आणखी एक चूक आता घरोघरी झालीय. जुन्या दिव्यातला पिवळा बल्ब काढून त्या जागी थंड पांढरा एलईडी घालतात. त्या उजेडात लाल रंग मुळात कमी असतो, त्यामुळे लाल काचेतून तो फिका, गुलाबीसर पडतो आणि जितक्या लांबून दिसायला हवा तितक्या लांबून दिसत नाही. एलईडी घालायचाच तर पूर्ण दिवा बोटीसाठी बनवलेला घ्या.

किती लांबून दिसायला हवा? 12 मीटरच्या आतल्या होडीला बाजूचे दिवे एक सागरी मैल आणि पांढरा दोन मैल. 12 ते 20 मीटरच्या बोटीला बाजूचे दोन मैल, डोलकाठीवरचा तीन. 12 मीटरच्या आत असाल तर डोलकाठीच्या आणि पिछाडीच्या दिव्याऐवजी चहूकडून दिसणारा एकच पांढरा चालतो, सोबत लाल-हिरवा हवाच. याहून सवलत फक्त 7 मीटरच्या आतल्या, सात नॉटपेक्षा (तासाला सात सागरी मैलांपेक्षा) जोरात न जाणाऱ्या होडक्यांना आहे.

मासेमारीच्या दिव्यांबद्दल आपल्यात सगळ्यात मोठा घोटाळा आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. ट्रॉल ओढत असाल तर वर हिरवा, खाली पांढरा. डोल असो, वागरा असो, दुसरं कुठलंही जाळं असो, तर वर लाल, खाली पांढरा. दोन्ही चहूकडून दिसणारे. बोट पुढे सरकत असेल तर बाजूचे आणि पिछाडीचेही. जाळं आडवं 150 मीटरपेक्षा लांब पसरलं असेल तर त्या दिशेला आणखी एक पांढरा. दिवसा याच कामासाठी दोन शंकू टोकाला टोक लावून टांगायचे, अगदी डमरूसारखे. माझ्या वडिलांच्या वेळी लहान बोटीने नुसती टोपली टांगली तरी चालत असे, तशी नियमातच मुभा होती. आता नाही.

हे दिवे दिसले की मोठं जहाज समजतं, यांचं जाळं पाण्यात आहे, हे पटकन वळू शकत नाहीत, आणि मोकळ्या समुद्रात ते आपल्याला वाट देतं. हा मान त्या दिव्याचा आहे. पण जाळं वर घेतलं, बर्फात मासळी गेली, बोट धक्क्याकडे निघाली की आपण मासेमारी करणारे राहत नाही, साधी इंजिनाची बोट होतो. तेव्हा ते दिवे विझवायचे असतात. आपल्याकडे ते ससून डॉकला दोर टाकेपर्यंत जळत असतात. एकदा जहाजाच्या लोकांनी पाहिलं की लाल-पांढरा लावून बोट दहा नॉटने धावतेय, की पुढच्या वेळी खरंच जाळं टाकून बसलेल्या बोटीच्या दिव्यावर ते का विश्वास ठेवतील?

चॅनलमध्ये, म्हणजे जहाजांच्या ठरलेल्या वाटेत, तर हा मानही नाही. 9 वा नियम सरळ सांगतो की चॅनलमधून जाणाऱ्या कुठल्याही जहाजाला मासेमारीच्या बोटीने अडवायचं नाही, आणि ज्याला चॅनल सोडून खोल पाणीच नाही त्याला 20 मीटरच्या आतल्या कुठल्याही बोटीने अडवायचं नाही. वाईट वाटतं, मला ठाऊक आहे. हे पाणी आपल्या आजा-पणजांचं, जाळी लावायचे भर आणि खुंट आपले, आणि जहाजं मागाहून आली. हे दुःख खोटं नाही आणि त्यासाठी भांडायची जागा वेगळी आहे, तिथे मी तुमच्या बरोबर उभा राहीन. पण रात्री चॅनलमध्ये ते भांडण करता येत नाही. मोठ्या जहाजाच्या ब्रिजवरून, म्हणजे जिथून ते चालवतात तिथून, स्वतःच्या नाळेपुढचं पाणी लगेच दिसत नाही. 500 मीटरपर्यंतचं पाणी नजरेआड राहणं तर नियमालाही मान्य आहे. म्हणजे आपण नाळेखाली गेलो की ब्रिजवरच्या माणसासाठी आपण नसतोच. त्याने आपल्याला बघायचं असेल तर त्याआधीच बघायला हवं, आणि तेव्हा आपण त्याला ठिपका असतो. लाकडी आणि फायबरच्या बोटीचं रडारवरही धड चित्र येत नाही. त्या ठिपक्याचा रंग तेवढा खरा हवा.

जाळ्याच्या टोकाला बांबूवर लुकलुकणारे दिवे लावतात त्याबद्दलही सांगायचं आहे. दिवा लावता हे चांगलंच आहे, जाळं वाचतं. पण लाल आणि हिरवे लुकलुकणारे नका लावू. चॅनलचे बोये, म्हणजे वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा, तसेच लुकलुकतात. बंदरात येताना डाव्या हाताला लाल, उजव्या हाताला हिरवा. धरमतर खाडीकडे वळणाऱ्या बार्जवाल्याने तुमच्या जाळ्याच्या हिरव्या दिव्याला बोया समजून सुकाणू फिरवलं तर जाळं जाईलच, वर तो उथळात बसेल ते वेगळं. पांढरा लावा.

नांगरलेल्या बोटींचंही तेच आहे. मोरा, कारंजा, भाऊचा धक्का, कुठेही रात्री बघा, दहा बोटी नांगरावर आणि तीन दिवे. खलाशी दिवसभराचे दमलेले, आत झोपलेले. एक पांढरा, चहूकडून दिसणारा दिवा पुरतो, 50 मीटरच्या आतल्या कोणालाही. बॅटरी उतरते म्हणून विझवतात, पण पहाटेपर्यंत गाणी वाजतात ती त्याच बॅटरीवर.

भोंग्याचं थोडक्यात सांगतो. एक छोटा म्हणजे मी उजवीकडे वळतोय, दोन म्हणजे डावीकडे, तीन म्हणजे इंजिन मागे घेतलंय. आणि पाच किंवा जास्त छोटे भोंगे म्हणजे ‘तू काय करतोयस ते मला कळत नाहीये’. आपले बरेच तांडेल पाच भोंग्यांना ‘बाजूला हो’ समजतात आणि रागाने तसेच पुढे जातात. तो राग नसतो, तो प्रश्न असतो. पाच ऐकू आले की वेग कमी करा आणि एकच ठळक वळण घ्या, म्हणजे त्याला उत्तर मिळेल. धुक्यात जाळं टाकून असाल तर दोन मिनिटांच्या आत एक लांब आणि दोन छोटे, हे पोरांनाही पाठ करून द्या.

7 ऑगस्ट 2010 ला याच बंदराच्या तोंडाशी चित्रा आणि खलिजिया ही दोन जहाजं धडकली, कंटेनर आणि तेल किनाऱ्याला लागलं, आपली मासळी कोणी घेईना ते दिवस तुम्हाला आठवत असतील. 18 डिसेंबर 2024 ला घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि 15 जीव गेले. त्या दोन्ही अपघातांचा दिव्यांशी संबंध नव्हता, दोन्ही दिवसाउजेडी झाले. मी ते आठवतो ते एवढ्यासाठी की लख्ख उजेडात, सगळं दिसत असताना या पाण्यात जागा आणि वेळ किती कमी पडतो ते आपण पाहिलंय. रात्री त्याहून जास्त मिळणार नाही.

काही तरुण तांडेल म्हणतात की आता बोटीवर ट्रान्सपॉन्डर, म्हणजे बोट कुठे आहे ते कळवणारं यंत्र, बसतायत, मग दिव्यांचं काय एवढं? ट्रान्सपॉन्डर जरूर बसवा, वादळात आणि हद्दीजवळ तो जीव वाचवेल. पण अर्ध्या मैलावर रात्री आडव्या येणाऱ्या होडक्याला तुमचा ट्रान्सपॉन्डर दिसत नाही, त्याला दिवा दिसतो. दुसरे म्हणतात, माळा काढल्या तर आमची बोट लांबून उठून कशी दिसणार? दादांनो, नारळी पौर्णिमेला बोट वाटेल तशी सजवा, धक्क्यावर लावलेल्या बोटीवर माळा झगमगू देत, मीही बघायला येईन. दोर सोडला की मात्र स्विच बंद. जाळं ओढताना डेकवर फोकस लागतो, तो लागणारच. त्याला वरून पत्रा लावा, तोंड खाली करा आणि जाळं आत आलं की विझवा. त्या उजेडातून बाहेर बघणाऱ्याच्या डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. करंदी निवडणाऱ्या पोराला तेवढी मिनिटं मिळाली नव्हती.

संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना आणि त्यांच्यामार्फत मत्स्यव्यवसाय विभागाला आणि सागरी मंडळालाही एक विनंती आहे. माझ्या पुतण्याच्या बोटीची मागे तपासणी झाली ती दुपारी अडीच वाजता. कागद बघितले, इंजिनाचा नंबर बघितला, लाइफ जॅकेटं मोजली. दिवे ‘आहेत’ अशी खूण झाली. लावून कोणी बघितले नाहीत, आणि दुपारी लावून तरी काय कळणार होतं? वर्षातून एकदा, जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, प्रत्येक जेट्टीवर एक संध्याकाळ ठेवा. अंधारात दिवे लावून प्रत्येक बोटीभोवती फेरी मारा. त्या दिवशी दंड करू नका, चुकीचा असेल तो तिथेच नीट करून द्या, त्यासाठी एक वायरमन बसवा. योग्य दिव्यांचा संच संस्थेने डिझेलसारखा एकत्र मागवला तर सुट्ट्यापेक्षा स्वस्त पडेल. आणि नियमांचा तक्ता मराठीत, रंगीत चित्रांसह, बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीवर लावा. ऑफिसात नको, तिथे तांडेल जात नाही. बर्फासाठी तो रोज तासभर उभा असतो.

एवढं होईपर्यंत आपण आपलं सुरू करू. येत्या शनिवारी दिवेलागणीनंतर, पावणेआठच्या सुमारास, मी रेवस जेट्टीवर असेन. सोबत टेस्टर, मऊ ब्रश, व्हिनेगरची बाटली, थोड्या वायर आणि सुट्ट्या काचा आणतोय. ज्यांच्या बोटी जवळपास शाकारलेल्या आहेत त्यांनी बॅटरी भरून ठेवावी. पाऊस असला तरी येईन. पोरांनाही घेऊन या, बोटीभोवती पहिली फेरी त्यांनाच मारू द्या.

आपला,
एक निवृत्त सारंग,
रेवस